गाडीचा रोबो होणारं छोटं खेळणं: उभं राहत नाही, हात निखळतो, गाडी मिटत नाही, तर काय तपासायचं

शंभर ते तीनशे रुपयांत मिळणारं, तळहातावर मावणारं, गाडीचा रोबो होणारं खेळणं. नाशिकच्या मेन रोडवरून घ्या, रविवार कारंज्यापाशी घ्या नाहीतर नवरात्रात कालिकेच्या यात्रेतून घ्या, आठवडाभरात तक्रारी साधारण त्याच येतात. मी अंबडला प्लास्टिक मोल्डिंगमध्ये काम करतो. कॉलनीतली मुलं ही खेळणी माझ्याकडे घेऊन येतात, यात्रा आणि दिवाळी झाली की जरा जास्तच. तेच तेच बिघाड इतके हाताखालून गेलेत की तपासायचा एक क्रम ठरून गेलाय. तो इथे मांडतोय. फुकटात होणारं आधी आणि खर्चाचं, जोखमीचं शेवटी.

लक्षणं

- रोबो उभा केला की मागे कलंडतो, किंवा पाय हळूहळू फाकत जाऊन खाली बसतो.
- हात वर केला की वर राहत नाही, किंवा खांद्यातून निखळून हातात येतो.
- गाडी करताना शेवटचा एक भाग बसत नाही. छताच्या मधोमध फट राहते, एक बाजू दाबली की दुसरी उघडते.
- गाडी होते, पण ढकलली की घासत जाते.
- एखादा सांधा इतका घट्ट की वळवताना प्लास्टिकवर पांढरी रेघ उमटते.
- दिवे आणि आवाज बंद.
- तुकडा पडलाय.

पहिल्या तीन तक्रारी सगळ्यात जास्त येतात, आणि त्यातली तिसरी बहुतेक वेळा बिघाडच नसते. म्हणून "स्वस्तातलं घेतलं, फसलो" असं म्हणून खेळणं माळ्यावर टाकण्याआधी खालचं निदान अर्धं तरी करून बघा.

सगळ्यात आधी: हे खेळणं या मुलाच्या हातात असावं का?

याला पैसे लागत नाहीत आणि वेळही लागत नाही, पण बाकी सगळं यावर अवलंबून आहे. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल आणि खेळण्याचे हात, डोकं, मुठी निखळत असतील, तर दुरुस्ती करून ते खेळणं त्या मुलाला देऊ नका. खेळण्यांच्या सुरक्षा चाचणीत बारीक भाग ओळखायला साधारण ३२ मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर वापरतात. त्यात जो भाग पूर्ण मावतो तो लहान मुलाच्या घशात अडकू शकतो असं धरतात. या रोबोचे जवळजवळ सगळेच भाग त्यात मावतात.

खोक्यावर आयएसआयचा शिक्का आहे का तेही बघा. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना तो सक्तीचा आहे. शिक्क्याखाली 'सीएम/एल'ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की खरा-खोटा कळतो. शिक्का नसलेलं खेळणं माझ्याकडे आलं, तर मी सांधा नीट करून देतो, पण त्याचा रंग निघतोय का हे ओल्या फडक्याने पुसून दाखवतो आणि ते तोंडात जाऊ देऊ नका असं त्या मुलाच्या आईला सांगतो.

गाडी मिटत नसेल तर: डावं-उजवं आणि घडीचा क्रम

शेजारची दुसरीतली मुलगी मागे एक पिवळी गाडी घेऊन आली होती. "काका, ह्याची गाडीच होत नाही हो. दुकानातूनच खराब आलाय." बाबांनी दाबून बघितलं होतं, दादाने दाबून बघितलं होतं, दाराच्या कडेवर दाबल्याच्या पांढऱ्या खुणा दिसत होत्या. मी दोन्ही हात खांद्यातून काढले आणि दंडाची आतली बाजू उजेडात धरली. एकावर इवलासा 'एल', दुसऱ्यावर 'आर', आणि 'एल' उजव्या खांद्यात. हात कधीतरी निखळला, कुणीतरी परत बसवला आणि बाजू बदलली. रोबो म्हणून तो अगदी बरोबर दिसत होता. गाडी करताना मात्र दंडावरची खुंटी खाचेच्या विरुद्ध बाजूला येत होती. हात अदलाबदल केले आणि गाडी टक् करून मिटली. ती पोरगी तिथेच उड्या मारायला लागली.

हे वारंवार होतं. म्हणून गाडी मिटत नसेल तर पहिल्यांदा निखळणारे सगळे भाग काढा आणि आतल्या बाजूला अक्षर किंवा आकडा आहे का बघा. अक्षर नसेल तर दोन्ही भाग शेजारी ठेवून खुंट्या कुणीकडे तोंड करून आहेत ते जुळवा.

डावं-उजवं बरोबर असेल तर क्रम तपासा. या खेळण्यात दहा-बारा सांधे असतात आणि प्रत्येक सांध्यात थोडासा खेळ, म्हणजे ढिलेपणा, असतोच, नाहीतर तो वळणारच नाही. तो थोडा थोडा खेळ साठत जातो आणि शेवटच्या खाचेपाशी सगळा एकदम दिसतो. आपल्याला वाटतं शेवटचा भाग वाकडा आहे. खरं तर सुरुवातीचा एखादा गुडघा पूर्ण मिटलेला नसतो.

उपाय असा: पूर्ण मागे, रोबोपर्यंत जा. पाय सरळ, हात खाली, डोकं समोर. मग आत लपणारे भाग आधी मिटवा, म्हणजे डोकं, मुठी, पावलं. मग मधला कणा, आणि बाहेरचं कवच (दारं, छत, बॉनेट) सगळ्यात शेवटी. खुंट्या एकेक करून पक्क्या दाबत जाऊ नका. सगळ्या आपापल्या खाचेच्या तोंडाशी आणा, आणि मग मधून कडेकडे दाबत जा. कडेची खुंटी आधी पक्की केली की मधला भाग हलायला जागाच उरत नाही आणि फट राहते.

एकदा नीट मिटलं की मोबाइलवर पायरी पायरीचे फोटो काढून ठेवा. खोक्यातला सूचनांचा कागद दोन दिवसांत हरवतो आणि त्यातली चित्रंही इतकी बारीक असतात की मुठी कुठल्या दिशेने वळवल्यात ते दिसत नाही.

उभा राहत नसेल तर: आधी पाठीवरचं ओझं बघा

गाडीचं छत आणि मागचा भाग बहुतेक रोबोंच्या पाठीवर घडी होऊन बसतो. त्यामुळे वजन टाचेच्या मागे जातं. बऱ्याच छोट्या रोबोंच्या पावलामागे टाचेचा एक तुकडा उघडतो. तो इतका छोटा असतो की तो उघडायचा असतो हेच कुणाच्या लक्षात येत नाही. आधी तो शोधा. नसेल तर कमरेतून किंचित पुढे वाकवा, गुडघे थोडे मोडा, पाठीवरची घडी खाचेत पूर्ण बसलीय ना बघा. ती अर्धी उघडी असली तर वजन आणखी मागे जातं.

मग एक साधी चाचणी. गुळगुळीत फरशीवर उभा करा, नंतर वहीच्या पुठ्ठ्यावर उभा करा. पुठ्ठ्यावर उभा राहिला आणि फरशीवर पाय फाकले, तर खुब्याचा सांधा थोडाच सैल आहे. त्याला फेविकॉलचा एक पातळ थर पुरेल. पुठ्ठ्यावरही बसकण मारली तर सांधा चांगलाच सैल आहे किंवा सांध्याचा गोळा ज्यात फिरतो त्या वाटीला चीर आहे. ही चाचणी मी कधीच वगळत नाही, कारण पुढे काय करायचं ते यावरून ठरतं.

गाडी घासत जाते

टेबलावर ठेवा आणि कागदाची पट्टी गाडीखालून सरकवा. जिथे अडेल तिथे कुठली तरी मूठ नाहीतर पाऊल खाली आलंय. ते आत दाबा. पट्टी मोकळी निघाली तर चाकांचे आस बघा, केस आणि सतरंजीचे धागे गुंडाळलेले असतात. सुईने उचलून चिमट्याने ओढा. ब्लेड घालू नका, आसाला ओरखडा पडला की चाक कायमचं डगमगतं.

धुणं आणि फ्लॅश काढणं

नव्या खेळण्यावर कधी कधी तेलकट थर असतो. मोल्डमधून, म्हणजे साच्यातून, भाग सुटावा म्हणून आम्ही फवारा मारतो, त्याचा अंश राहतो. त्यामुळे सांधे घसरतात आणि पुढे लावलेला फेविकॉल किंवा नेलपेंट धरत नाही. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब आणि जुना मऊ ब्रश वापरा. सेलचं खेळणं असेल तर बुडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. वाळायला रात्रभर ठेवा, कारण पाणी स्क्रूच्या भोकात अडकून राहतं.

मग कडेवरून बोट फिरवा. मोल्डचे दोन भाग जिथे मिळतात तिथे प्लास्टिकची पातळ पापडी सुटलेली असते, आम्ही तिला फ्लॅश म्हणतो. स्वस्त खेळण्यात ती जास्त असते, कारण मोल्ड झिजलेला असतानाही त्याच्यावर माल काढत राहतात. खाचेच्या तोंडाशी फ्लॅश असेल तर खुंटी आत जात नाही. नेलकटरने कापा आणि नखं घासायच्या कानशीने हलकेच घासा. खुंटी स्वतः घासू नका. आज घट्ट वाटली म्हणून घासली, तर महिन्याभराने ती सैल झालेली असते, आणि घासलेलं प्लास्टिक परत आणता येत नाही.

स्क्रू

पाठ, मांड्या आणि खांद्याच्या मागे बारीक स्क्रू असतात. रोज उघडझाप केली की ते सुटत जातात, आणि अख्खा रोबो खुळखुळल्यासारखा वाटतो. मोबाइलच्या किटमधला बारीक अधिक-चिन्हाचा पेचकस घ्या. टोक खाचेत गच्च बसलं पाहिजे. ते फिरत असेल तर पेचकस लहान आहे, बदला, नाहीतर स्क्रूचं डोकं जाईल.

हे स्क्रू प्लास्टिकमध्येच आटे पाडून बसलेले असतात. काढून परत घालताना आधी हलक्या हाताने उलटे फिरवा. स्क्रू जुन्या आट्यात पडला की बारीकसा टक् असा धक्का बोटांना जाणवतो. तिथून सुलटं आवळा. सरळ आवळायला घेतलं तर तो नवे आटे पाडतो, आणि असं दोनदा-तीनदा झालं की आटे जातात. घट्ट लागला की थांबा. आणखी पाव फेरा दिला की आतली नळी चिरते आणि मग त्या जागी कुठलाच स्क्रू धरत नाही.

सैल बॉल जॉइंट

निम्म्याहून जास्त खेळणी इथे येऊन थांबतात, म्हणून जरा सविस्तर.

१९८४ साली हॅस्ब्रोने जपानच्या टाकारा कंपनीची रूप बदलणारी खेळणी 'ट्रान्सफॉर्मर्स' या नावाने बाजारात आणली. तेव्हाच्या छोट्या गाड्यांचे हातपाय फारसे हलतच नसत. आजच्या नऊ-दहा सेंटिमीटरच्या रोबोला खांदा, कोपर, खुबा, गुडघा सगळं हलतं हवं असतं. एवढ्या कमी जागेत ते करायचं तर गोळा आणि वाटी हाच स्वस्त मार्ग. गोळा वाटीत दाबून बसवलेला असतो, तो फक्त घर्षणावर टिकतो. जोरात ओढला की तुटण्याऐवजी निखळावा अशीच त्याची रचना असते. म्हणजे निखळणं हा दोष नाही. न ओढता गळून पडणं हा दोष.

सैलपणाचं एक कारण आमच्या धंद्यातलं आहे. प्रत्येक प्लास्टिक साच्यात थंड होताना आकसतं, पण सगळी सारखी आकसत नाहीत. एबीएस साधारण अर्धा टक्का आकसतं, ॲसिटल जवळजवळ दोन टक्के. मोल्ड एका दाण्यासाठी (कच्चं प्लास्टिक दाण्यांच्या रूपात येतं) बनवला आणि स्वस्त पडतो म्हणून दुसरा दाणा टाकला, तर पाच मिलिमीटरच्या गोळ्यात पाऊण दशांश मिलिमीटरच्या आसपास फरक पडतो. डोळ्याला तो दिसत नाही, पण सांधा घट्ट की सैल हे तेवढ्यावरच ठरतं. एकाच स्टॉलवरून घेतलेल्या दोन रंगांच्या दोन रोबोंपैकी एक घट्ट आणि एक लुळा असतो, त्यामागे अशी कारणं असतात. त्यात परत वितळवलेला भंगार दाणा जास्त असेल तर प्लास्टिक ठिसूळही होतं.

आता काम. हात काढा आणि मोबाइलचा टॉर्च लावून वाटीकडे बघा, गोळ्याकडे नंतर. वाटीच्या कडेला कंपनीने ठेवलेली सरळ फट असू शकते, ती दोन्ही बाजूंना सारखी असते. वेडीवाकडी, कडा पांढऱ्या पडलेली रेघ म्हणजे चीर. चीर असेल तर गोळा जाड करू नका. जाड गोळा ती चीर आणखी उघडेल आणि वाटीचे दोन तुकडे होतील. तो भाग सोडा आणि खाली 'तुटलं असेल तर' वाचा.

वाटी धड असेल तर पहिला उपाय फेविकॉल. साधा पांढरा, किंचित पाणी घालून. कानात घालायच्या कापूसकाडीने गोळ्यावर पातळ थर द्या, वाटीत नाही. हात कपड्याच्या चिमट्यात धरून गोळा वर ठेवा आणि रात्रभर वाळू द्या. पावसाळ्यात दोन रात्री द्या, हवेतच ओल असते. पारदर्शक झाला म्हणजे वाळला. बसवा, चार-पाच वेळा फिरवा. कमी पडला तर आणखी एक थर. जास्त झाला तर ओल्या फडक्याने पुसून टाका. परत पुसता येतं म्हणूनच मी फेविकॉल पहिला सांगतो.

रोज दणादण खेळणारं मूल असेल तर हा थर काही आठवड्यांत झिजतो. मग पारदर्शक नेलपेंट. ते जास्त टिकतं, पण त्यातलं द्रावण एबीएसला थोडंसं विरघळवतं. म्हणून थर अगदी पातळ द्या आणि पूर्ण, म्हणजे पूर्ण रात्र वाळल्याशिवाय वाटीत घालू नका. ओलं असताना घातलं तर गोळा आणि वाटी एकमेकांना चिकटून बसतात. काचेसारख्या पारदर्शक भागांना नेलपेंट लावू नका, त्यांना जाळीसारख्या चिरा पडतात.

फेविक्विकने गोळा जाड करायचा सल्ला बरेच जण देतात. मी देत नाही. सेकंदभर उशीर झाला की सांधा कायमचा बंद, वाफेने आसपासचं प्लास्टिक पांढरं पडतं आणि शेजारी मूल डोकं खुपसून बघत असतं ते वेगळंच.

खुंटी सैल असेल, म्हणजे मूठ किंवा बंदूक भोकातून पडत असेल, तर नळवाल्याची टेफ्लॉन टेप घ्या. हार्डवेअरच्या दुकानात दहा-वीस रुपयांत मिळते. एक वेढा ताणून गुंडाळा, जास्तीची कापा. वाळवायची भानगड नाही, आणि नको झाली की निघते.

घट्ट सांधा

वळवताना पांढरी रेघ दिसली की तिथेच थांबा. प्लास्टिक आतून ताणलं गेल्याची ती खूण आहे, पुढची पायरी तुटण्याची. नाशिकच्या थंडीत हे फार होतं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी बाहेर पडवीत राहिलेलं खेळणं लगेच वळवू नका, प्लास्टिक थंडीने ठिसूळ होतं. घरात आणून अर्धा तास ठेवा, किंवा सांध्यावर केस वाळवायच्या ड्रायरची कोमट हवा थोडा वेळ लांबून द्या.

तरी घट्ट असेल तर सिलिकॉन तेलाचा एक थेंब. शिवणयंत्राचं तेल, गंज सोडवायचा फवारा किंवा खोबरेल तेल नको. पहिल्या दोघांतली खनिज तेलं ताणलेल्या प्लास्टिकला चिरा पाडू शकतात. खोबरेल तेल चोवीस-पंचवीस अंशांखाली गोठतं, म्हणजे थंडीत सांधा आणखी जाम होतो, आणि धूळही धरतं.

मऊ रबरी भाग (तलवार, शिंगं, टायर) वाकडे झाले असतील तर चहाला उकळी येण्याआधी जितकं गरम असतं तितक्या पाण्यात मिनिटभर बुडवा, बोटाने सरळ करा आणि लगेच गार पाण्यात धरा. आकार तसाच राहतो. हे मोठ्यांनीच करायचं. कडक भागांवर उकळतं पाणी ओतू नका, साधारण शंभर अंशांच्या आसपास एबीएस मऊ पडायला लागतं आणि त्याचे सांधे बिघडतात.

दिवे-आवाज बंद

सेल बदला, सगळे एकदम. जुना-नवा मिसळला की जुना सेल नव्यालाही खाली ओढतो. बहुतेक खेळण्यांत एलआर ४४ किंवा एलआर ४१ असतात. त्यांनाच एजी १३ आणि एजी ३ असंही म्हणतात, दुकानदार ज्या नावाने देईल त्या नावाने घ्या. सेल टेकतो त्या पट्टीवर पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर सेल गळलाय. कापूसकाडीला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पुसा, मग कोरड्या काडीने, आणि वाळू द्या. भुकटी हाताला लागली तर हात धुवा. स्प्रिंग दबलेली असेल तर सुईने किंचित वर उचला.

झाकणाचा स्क्रू लावल्याशिवाय खेळणं मुलाच्या हातात देऊ नका. तो स्क्रू हरवला असेल तर दुसरा मिळेपर्यंत सेल काढून ठेवा. बिनदिव्याचा रोबोही चांगलाच खेळला जातो.

तुटलं असेल तर: आधी पाण्याची परीक्षा

चिकटवायच्या आधी प्लास्टिक कुठलं ते ओळखा, कारण फेविक्विक सगळ्याला धरत नाही. तुटलेला सुटा तुकडा (स्क्रू किंवा पिन नसलेला) साध्या पाण्याच्या वाटीत टाका. पाण्यात साबणाचा एक थेंब घाला, म्हणजे हवेचे बुडबुडे चिकटणार नाहीत. तरंगला तर तो पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीन. घरच्या गोंदाने तो चिकटत नाही, प्रयत्न सोडा. बुडाला तर पेलाभर पाण्यात विरघळेल तेवढं मीठ घाला, साधारण सत्तर ग्रॅम विरघळतं, आणि त्यात टाका. खाऱ्या पाण्यात तरंगला तर बहुधा एबीएस, फेविक्विक छान धरेल. तिथेही बुडाला तर ॲसिटल किंवा मऊ पीव्हीसी. ॲसिटल तर गुळगुळीतच असतं, त्यावर फेविक्विकचा थर नखाने सालपटासारखा निघून येतो.

एबीएसचा तुकडा असेल आणि तुटलेली जागा नुसती कवचाची असेल, तर दोन्ही कडा कोरड्या पुसून, एका कडेला एकच थेंब लावून तीस सेकंद धरा. वजन पेलणारी जागा असेल, उदाहरणार्थ गोळ्याची दांडी, तर नुसता गोंद टिकत नाही. दोन्ही बाजूंना बारीक भोक पाडून आत यू-पिनचा तुकडा घालावा लागतो. हातड्रिल आणि अर्ध्या मिलिमीटरचं बिट नसेल तर हे घरी करू नका. तापलेल्या सुईने भोक पाडायचं तर नाहीच, धूरही वाईट आणि भोकही वाकडं होतं.

इथे थांबा, दुसऱ्याकडे द्या

गुडघ्याची किंवा दाराची स्टीलची पिन बाहेर आली असेल तर हातोडी घेऊन ठोकू नका. पिनच्या एका टोकाला खडबडीत दाते असतात. दात्यांचं टोक ज्या बाजूला असतं त्याच बाजूने ती बाहेर यायला आणि आत जायला हवी, उलटी ठोकली की भोक मोठं होतं. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडे बारीक पंच असतो, त्याला दोन मिनिटांचं काम आहे.

वायर सुटली असेल तर मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे न्या. एम.जी. रोडवर ते भरपूर आहेत, सोल्डरचा एक डाग लावायला फार घेत नाहीत. आधी विचारून घ्या, खेळण्याच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त सांगितले तर दिवे बंद राहू द्या.

चार्जिंगचं खेळणं असेल आणि बॅटरी फुगली असेल तर काहीही दुरुस्त करायचं नाही. चार्जर काढा, उघडू नका, दाबू नका.

वाटीला चीर आहे, आणि तो खुब्याचा भाग आहे: थ्रीडी प्रिंट करणाऱ्याकडून तो भाग बनवून घेता येतो, पण दीडशे रुपयांच्या रोबोला ते परवडत नाही. मुलाचा जीव त्याच्यात अडकला असेल तरच करा. असतो कधी कधी, आणि तेव्हा ते पैसे मला वाया गेलेले वाटत नाहीत.

मुलाने बटन सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी एक्स-रेची सोय असलेल्या दवाखान्यात लगेच न्या, १०८ ला फोन करा. अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांत आतून भाजू शकतो. उलटी करवू नका, "शौचातून पडेल" म्हणून वाट बघू नका. मूल हसत-खेळत असलं तरी न्यायचंच. सेलचं पाकीट बरोबर घ्या, म्हणजे डॉक्टरांना आकार कळेल.

आणि जो रोबो खरोखरच संपला, तो टाकण्याआधी त्याचे स्क्रू, पिना, चाकं आणि धड वाट्या काढून एका डबीत ठेवा. या खेळण्यांत तीच तीन-चार मापं फिरत असतात, पुढच्या रोबोला उपयोगी पडतात. सेल मात्र दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून वेगळे ठेवा आणि घंटागाडीत ओल्या-सुक्यात न टाकता ई-कचऱ्यात द्या.